चावीवाले मामा आणि मधली माणसं

परवा रात्री पावणेदोनला आमच्या गल्लीत पाणी सुटलं. मागच्या पाण्यानंतरचा पाचवा दिवस होता. शेजारच्या अक्कांनी दार वाजवलं, "ताई, उठा, पाणी यायलंय!" पहिली दहा मिनिटं लालसर पाणी, ते भांड्यांच्या बादलीत. मग नळाला फडकं बांधून हंडे, कळश्या, ड्रम. वरच्या चार घरांनी मोटर लावली की आमच्या टोकाला करंगळीएवढी धार राहते. साडेतीनला आटोपलं आणि सातला मी शाळेत वर्गावर होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बायांना यात नवीन काही वाटणार नाही. कित्येक जणी त्यानंतर विड्या वळायला बसतात.

पाणी सुटणार हे अक्कांना कसं कळलं? पाण्याचे वॉल्व्ह उघडणारे चावीवाले मामा त्यांच्या दारावरून जातात म्हणून. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी, चेंबरचं झाकण पायानं सरकवायचं, वाकून आटे मोजत फिरवायचं. किती आटे उघडले त्यावर आमच्या घरात किती हंडे भरणार ते ठरतं. मामांबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण एवढ्या मोठ्या पाणीपुरवठ्यात मला हाक मारता येईल असा हा एकच माणूस आहे, आणि कुठल्या भागाला कधी पाणी द्यायचं हे त्याच्या हातात नाही. हे मला फार खुपतं.

वरच्या बाजूला मधल्या संस्था किती आहेत बघा. उजनी धरणात 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांखाली राहणारं पाणी. त्यातून केव्हा आणि किती सोडायचं यावर कालवा सल्लागार समिती बसते. पाण्याचे हक्क आणि दर यांसाठी 2005 च्या कायद्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. आपल्याला एक पाणी शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीतून पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्राला येतं, दुसरं भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यात येऊन टाकळीहून उपसलं जातं, तिसरं हिप्परग्याच्या तलावातून, जो 1871 पासून आपल्याला साथ देतोय. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आलं आणि त्यासाठी वेगळी कंपनी स्थापन झाली. उजनीहून 170 एमएलडीची (दिवसाला 17 कोटी लिटर) समांतर जलवाहिनी टाकली गेली. कंपनी, सल्लागार, ठेकेदार, त्यांच्यावर देखरेख करणारे आणखी कोणी.

अशा संस्था नकोत असं मी म्हणत नाही. कराडजवळच्या मलकापूरनं चोवीस तास पाणी आणि घरोघरी मीटर हे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाला सोबत घेऊनच केलं. गाव लहान आहे, मान्य. पण तिथं तांत्रिक जाणकारी असलेली संस्था पाणी नळापर्यंत पोचेस्तोवर थांबली. आपल्याकडे मधली सगळी माणसं धरणापासून शहराच्या वेशीपर्यंत उभी आहेत. वेशीपासून माझ्या नळापर्यंत मामा एकटे.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीत केबलसाठी कोणीतरी चर खोदली. दोन दिवसांनी नळाच्या पाण्याला गटाराचा वास. लहान पोरं आजारी पडली. आम्ही बाटल्यांत पाणी भरून हिंडलो आणि प्रत्येक ठिकाणी कळलं की हे काम दुसऱ्याचं आहे. नऊ दिवस गेले. शेवटी मिलमधून निवृत्त झालेले एक फिटरकाका खडू घेऊन रस्त्यावर बसले. जुनी लाइन कुठून आली, ड्रेनेजला कुठं छेदते, कुठल्या घराचं कनेक्शन कुठं जोडलंय, सगळं त्यांनी आठवणीनं डांबरावर काढलं. मामा बघत उभे होते. म्हणाले, "काका, इथं उकरलं पाहिजे की." उकरलं, तिथंच फुटलेली निघाली.

माझं मागणं एवढंच आहे की ते खडूचं चित्र कोणाच्या तरी दप्तरी असावं. प्रत्येक टाकीखालच्या वस्तीची एक पाणी समिती असावी. तिच्यात बाया असाव्यात, एखादा जाणता फिटर असावा, चावीवाले असावेत. वेळापत्रक बदललं की आधी तिला कळवावं, रस्ता खोदायचा तर आधी तिला दाखवावं, आणि तिच्या नोंदीला अभियंत्यानं ठराविक दिवसांत लेखी उत्तर द्यावं. हे काही आभाळातून आणायचं नाही. 74 व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांना वॉर्ड समित्या दिल्या. 2009 मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डातल्या एकेका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद राज्याच्या कायद्यात आली. तुमच्या भागात क्षेत्रसभा भरलेली कोणी पाहिली आहे का? 2022 च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढं कित्येक दिवस प्रशासकच होते, तेव्हा तर गाऱ्हाणं ऐकायला नगरसेवकही नव्हता.

लोकांना जमत नाही असं कोणी म्हणू नये. नाशिककडे वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था मोजून घेतात आणि आपसांत वाटतात. आणि लांब कशाला, आपल्या कुंभारीला विडी कामगार बायांच्या सहकारी संस्थेनं दहा हजार घरं उभी केली. पुढं रे नगरला तीस हजारांची योजना झाली. राजकारण ज्याचं त्यानं बघावं, पण सरकार आणि विडी वळणारी बाई यांच्यामध्ये तिची स्वतःची संघटना उभी होती म्हणून ते झालं.

आमच्या गल्लीत आता एक वही केली आहे. पाणी किती वाजता सुटलं, किती वेळ टिकलं, रंग कसा, शेवटच्या घराला किती हंडे मिळाले. अक्का सांगतात, मी लिहिते. फिटरकाकांकडून ते चित्र मोठ्या कागदावर काढून घेतलंय, मामांनी त्यात दोन वॉल्व्ह वाढवून दिले. साखर पेठ, जोडभावी पेठ, विडी घरकुल, तुमच्या भागात कोणी लिहून ठेवत असेल तर खाली सांगा. एकाच टाकीवरच्या दोन गल्ल्यांच्या वह्या शेजारी ठेवून बघायच्या आहेत.