शेवटचे सत्तावीस फूट

उन्हाळ्यात सोलापुरात दोन माणसं भेटली की "बरं आहे ना?" याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न म्हणजे "उजनी किती?" उत्तर टक्क्यांत असतं, आणि मे महिन्यात बहुधा उणे टक्क्यांत. उणे पाणी कसं असतं हे पाहुण्यांना मृतसाठा वगैरे सांगून समजवावं लागतं. आमच्याकडची पोरं ते अंकलिपीच्या आधी शिकतात. तर भीमेवरच्या त्या ११७ टीएमसीच्या धरणातून निघालेलं पाणी शंभरावर किलोमीटर जलवाहिनीतून येतं, शुद्ध होतं, टाक्यांत चढतं, उतरतं आणि चार-पाच दिवसांतून एकदा पहाटे आमच्या फाटकापाशी सुखरूप पोचतं. तिथून आमचा हौद सत्तावीस फूट. एवढ्या प्रवासात न हरवलेलं पाणी त्या सत्तावीस फुटांत बेपत्ता व्हायला लागलं.

पहिला संशय कढीपत्त्यावर घ्यायला हवा होता. पारा ४२ वर गेलेला, गल्लीतल्या तुळशींच्या काड्या झालेल्या, आणि आमचा कढीपत्ता मात्र श्रावणातल्यासारखा लसलसलेला. "हाताला गुण लागतो," असं म्हणत बायकोनं अख्ख्या गल्लीला फोडणीची पानं वाटली. मग एकदा तासाभरात काठोकाठ भरणारा हौद अर्ध्यावरच राहिला, आणि पहिल्या दोन बादल्या चहाच्या रंगाच्या आल्या. त्याचं कारण साधं आहे: पाणी चालू असतं तेव्हा भोकातून बाहेर पडतं, आणि नळ रिकामा झाला की तेच भोक भोवतीचं गढूळ पाणी आत ओढून घेतं. म्हणजे महिनाभर आम्ही थोडं थोडं अंगण पीत होतो. हे मी जेवताना सांगितलं, ती चूक झाली. सगळ्यांचं पोट एकाच वेळी दुखायला लागलं.

प्लंबर आला, यात त्याचा दोष नाही. त्यानं उकिडवं बसून ओल पाहिली, जीभ टाळ्याला लावून एक आवाज केला आणि सांगितलं, "लाईन गेली साहेब. फरशी काढा, दोन फूट खड्डा काढा, वाळू आणून ठेवा. जोडायला मी येतो, अर्ध्या तासाचं काम आहे." मी हिशेब केला. दोन दिवसांची हमाली माझी आणि अर्ध्या तासाची कारागिरी त्याची. मग तो अर्धा तासही आपणच का करू नये? आयुष्यातले माझे सगळे मोठे अपघात असल्याच बिनतोड हिशेबातून झालेले आहेत.

एक गोष्ट माझ्या बाजूनं होती. चोवीस तास पाणी असलेल्या गावात आधी मुख्य कॉक बंद करावा लागतो, तो गंजलेला असतो, मग पुढचं रामायण. आमच्याकडे नळ स्वतःच चार दिवस रजेवर असतो. गुरुवारी सकाळी पाणी येऊन गेलं होतं. पुढचं सोमवारी पहाटे. तेवढ्यात लाईन बदलायची.

अंगणात शहाबादी फरशी. पहार घालून पहिली फरशी उचलली तेव्हा बरं वाटलं, चौथीला कमरेत काहीतरी म्हणालं, आणि सातव्या फरशीला शेजारचे अप्पा कुंपणाशी खुर्ची टाकून बसले. "काय खोदायलात हो?" नळाची लाईन, मी म्हटलं. "गावलं काही तर निम्मं माझं. जागा पूर्वी एकच होती." वर फूटभर काळी माती होती, भिजून टिकावाला चिकटणारी, आणि तिच्याखाली मुरूम, जो टिकावाला परत पाठवतो. सापडलं ते असं: तीन गोट्या, एक कप, कप बसतच नाही अशी बशी, आणि एका पायातली लहान मुलाची चप्पल, जी मीच १९८४ च्या सुमारास हरवून मार खाल्ला होता. अप्पांनी निम्म्यावरचा हक्क सोडला.

संध्याकाळी नळ दिसला. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी. बाकी ठिकाणी ठीक होता, पण कढीपत्त्याजवळ हातभर अंतरात असा कुरतडलेला, की बोटानं दाबला तर पापडासारखा मोडला. तिथेच का, याचा उलगडा आईनं केला. "तिथं अर्थिंगचा खड्डा आहे रे. वायरमननं कोळसा आणि पोतंभर मीठ घातलेलं. तुझे बाबा दर उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतायचे त्यात." म्हणजे लोखंडी नळ आणि ओलं मीठ वर्षानुवर्षं शेजारी नांदत होते, आणि शेवटी नळानंच ती बादलीची जबाबदारी स्वतःवर घेतली होती.

हार्डवेअरच्या दुकानात मी कागदावर यादी घेऊन गेलो. त्याचा काही उपयोग होत नाही.

"एमटीए देऊ का एफटीए?"

"दोन्हीतलं चांगलं कुठलं?"

काउंटरवरची चार माणसं वळून बघायला लागली. मालकानं मवाळ आवाजात विचारलं, "आटे आत पाहिजेत का बाहेर?" हा प्रश्न इतका खासगी वाटला की मी दोन्ही घेतले. शिवाय पांढरा पाईप, एल्बो, सोल्युशनचा डबा, टेफ्लॉन टेप.

घरी आल्यावर कळलं की एल्बो पाईपवर चढत नाहीत. आता हे ऐका. अर्ध्या इंचाचा जीआय नळ बाहेरून मोजला तर २१ मिलिमीटर भरतो. पांढरा यूपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचा, तोही तेवढाच. पण क्रीम रंगाचा सीपीव्हीसी, तोही प्लॅस्टिकचाच, बाहेरून १६. तिघांचंही नाव अर्धा इंच, आणि खरा अर्धा इंच, म्हणजे पावणेतेरा मिलिमीटर, यांतला एकही नाही. मी पाईप पांढरा आणला होता आणि एल्बो क्रीम; दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही मला एकच दिसले होते. घासून बसेल म्हणून मी पॉलिश पेपर घेऊन तासभर बसलो, तेही सांगून टाकतो.

शनिवारी फाटकाजवळचा जुना सॉकेट सोडवला. दोन पाईपपाने लागतात: एकानं रस्त्याकडचा नळ धरायचा, दुसऱ्यानं फिरवायचं. धरायचा राहिला तर रस्त्याकडचा नळही पिळला जातो आणि मग सत्तावीस फुटांचा प्रश्न साऱ्या गल्लीचा होतो. बायकोनं पाना धरला, मी फिरवला. तीनदा रॉकेल सोडलं, दोनदा भांडलो. सुटला.

मग मापं. एल्बोच्या आत पाईप किती शिरतो हे धरायचं राहिलं आणि शेवटचा तुकडा इंचभर तोकडा आला. सत्तावीस फूट बरोबर, एक इंच चूक. पुन्हा दुकान. मालकानं न विचारताच कपलिंग काढून ठेवलं. सोल्युशनच्या डब्यावर जोडल्यावर एक दिवस पाणी सोडू नका असं लिहिलेलं. शेवटचा जोड मी रविवारी पहाटे पाचला मारला आणि झोपलो.

सोमवारी चारला सगळे टॉर्च घेऊन उघड्या चराभोवती उभे. अप्पाही, बनियनवर. आधी हवा फुसफुसली, मग पाईप शहारला, मग हौदात धार पडली. पांढरी, स्वच्छ. फाटकाजवळच्या आट्यांवर एक थेंब जमला. टेप मी उलट्या बाजूनं गुंडाळला होता, म्हणजे घट्ट करताना तो उलगडत गेला. पाव फेरा दिला. थेंब थांबला. आणखी पाव देणार तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, आता हात लावाल तर बघा." वाळू भरली, माती ओढली.

दुपारी प्लंबरचा फोन. "खड्डा काढून झाला का साहेब?"

दहा दिवसांत कढीपत्ता पिवळा पडला. बायकोच्या हाताचा गुण कुठं गेला, असं गल्लीत विचारतात. शिवाय अर्थिंगला पाणी हवं, हे आई रोज आठवण करून देते. त्यामुळे संध्याकाळी हौदातून उपसून, त्याच सत्तावीस फुटांवरून उलट चालत, दोन बादल्या मी नेतो.