चिनी भांड्यांत हाडे कुणी घातली?

चिनी मातीच्या भांड्यांचे ‘दडवलेले सत्य’ सांगणारा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. चिनी कारागीर हजार वर्षांपासून मातीत जनावरांच्या हाडांची भुकटी मिसळत आले, निळी नक्षी ते निळीच्या झाडापासून काढत, आणि अशा भांड्यात विष पडले की ते आपोआप तडकते, म्हणून त्यातले अन्न निर्धोक असते, असे त्यात छातीठोकपणे लिहिले आहे. तो वाचून माझ्या मावशीने घरातल्या सगळ्या कपबशा माळ्यावर टाकल्या, तेव्हा गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

हाडांचे विधान सर्वांत निराधार आहे. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनमधल्या जिंगदेझेन शहरातली भांडी दोन खनिजांपासून होत: एक केओलिन ही पांढरी माती, आणि दुसरा पेटुन्त्से, म्हणजे कुटून, पाण्यात निथळून पांढऱ्या विटांच्या रूपात विकला जाणारा दगड. सुमारे १३०० अंश सेल्सिअसच्या आचेत दगडाचा अंश वितळून काचेसारखा होतो आणि केओलिन भांड्याला आचेत खचू देत नाही. फ्रान्स्वा झाविए दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने ही सगळी कृती तेथील भट्ट्या पाहून १७१२ आणि १७२२ मध्ये लिहिलेल्या पत्रांत तपशीलवार नोंदवली आहे. परदेशी लोकांनी पेटुन्त्से मायदेशी नेला, पण केओलिन नेले नाही, त्यामुळे त्यांचा प्रयत्न फसला, ही हकिकत त्याला एका श्रीमंत व्यापाऱ्याने सांगितली. हाडांवाचून नुसत्या मांसाचे शरीर उभे करायला ते निघाले होते, असे तो व्यापारी हसून म्हणाला. त्याच्या बोलण्यातली हाडे म्हणजे केओलिन.

‘बोन चायना’त गुरांच्या हाडांची राख असते, आणि तीही जवळजवळ निम्मी, एवढे मान्य करावेच लागेल. पण तो प्रकार अठराव्या शतकातल्या इंग्लंडचा आहे. लंडनजवळच्या बो येथील कारखान्यात थॉमस फ्रायने ही राख वापरली आणि शतकाच्या अखेरीस स्पोड घराण्याने स्टोक येथे तिचे प्रमाण पक्के केले. त्याचे खापर चिनी कुंभारांवर फोडण्याचे कारण नाही.

निळीचा रंग त्या भट्टीत क्षणभरही टिकला नसता. ती नक्षी कोबाल्टची असते, आणि युआन काळात, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या चीनवरच्या मंगोल राजवटीत, उत्तम कोबाल्ट इराणकडून येत असे.

विषाची गोष्ट मात्र नुसती खोटी नाही, घातक आहे. झिलई हा काचेचा थर असतो. अन्नात विष आहे की नाही, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. उलट झिलईवर रंगवून पुन्हा मंद आचेवर भाजलेल्या जुन्या रंगीत नक्षीत बहुधा शिसे असते, कारण शिशामुळेच ते रंग कमी उष्णतेत वितळून चिकटतात. अशी नक्षी आतल्या बाजूला असली किंवा झिजली असली, तर आंबट पदार्थात शिसे उतरू शकते, आणि तसे होताना भांडे तडकत नाही, अन्नाचा रंगही बदलत नाही. अशी भांडी शोभेसाठी कपाटात ठेवावीत, त्यांत खाऊ-पिऊ नये.