कंट्रोल म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं

सर, नमस्कार.

विज्ञान प्रदर्शनाच्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवायला आम्ही किती खर्च केला, त्याच्या हिशेबावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी ती नव्हतीच, म्हणून सवडीने लिहितेय. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सरांनी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं आहे. त्यांचं म्हणणं असं की नऊ मुलांच्या इंग्रजी बोलण्यावर घातलेल्या 55,800 रुपयांत आठ सूक्ष्मदर्शक आले असते आणि ते दहा वर्षं वापरात राहिले असते. इंग्रजी तर 2000 सालापासून पहिलीपासून आहेच, आणि परदेशातल्या स्पर्धेत दुभाषीही मिळतो. मराठी शाळांसाठी भांडणाऱ्या माझ्यासारखीने मुलांकडून इंग्रजी भाषणं पाठ करून घ्यावीत, याचं त्यांना वाईट वाटलं.

सूक्ष्मदर्शकांचं गणित बरोबर आहे, त्यावर वाद घालणार नाही. पण हा पैसा तिकडे का गेला, ते एका मुलीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला मांडता येणार नाही.

ही निफाड तालुक्यातली, नववीतली. घरी दोन एकर आणि एक कांदाचाळ. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत पडतो आणि पुढे भाव बघत बघत दिवाळीपर्यंत विकला जातो. तोवर काही सुकतो, काहीला कोंब येतात, काहीवर काजळी, म्हणजे काळी बुरशी, धरते. चाळीत थर किती उंच रचावा, हा तिचा प्रश्न. वडील पाच फूट रचायचे. तिने हट्टाने एका कप्प्यात तीनच फूट रचायला लावला. दोन्ही कप्प्यांत तळाला, मध्ये आणि वर पाच-पाच किलोच्या खुणेच्या जाळीदार पिशव्या ठेवल्या. सोळा रविवार न चुकता वजनं घेतली. तिची वही मी पाहिली आहे. वजन, कोंब, काजळी असे तीन रकाने. एका रविवारी वजन अचानक वाढलेलं, आणि समोर पेन्सिलने लिहिलेलं: 'पावसाची झड आत आली, पिशवी ओली.' हा आकडा तिने खोडला नाही, सर. मोठमोठ्यांना हे जमत नाही.

जिल्ह्यापासून राज्यापर्यंत ती मराठीतच बोलली आणि पुढे गेली. राष्ट्रीय पातळीवर गेल्या वर्षी परीक्षकांनी विचारलं, "व्हॉट वॉज युअर कंट्रोल?" आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, आणि शाळेतल्या इंग्रजीत कंट्रोल म्हणजे ताब्यात ठेवणं. काजळी आटोक्यात कशी ठेवली असं ते विचारताहेत, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "नीम लीव्हज." कडुनिंबाचा पाला दोन्ही कप्प्यांत अंथरलेला होताच. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने तेच उत्तर जरा मोठ्याने दिलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. मी दहा फुटांवर उभी होते, पण मध्ये बोलायची परवानगी नव्हती.

प्रयोगात कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी न बदलता ठेवलेला भाग. परतीच्या प्रवासात मी तिला मराठीत विचारलं, तुलनेसाठी काय ठेवलं होतंस? क्षणभरही न थांबता म्हणाली, "पप्पांचा कप्पा. नेहमीसारखा पाच फुटी. त्याला हातच नाही लावला. नाहीतर फरक थरामुळे पडला का पावसामुळे, ते कसं कळणार?"

यापेक्षा चांगलं उत्तर एमएस्सीच्या मुलांकडूनही मी ऐकलेलं नाही. ते तिच्यापाशी होतं. पोहोचलं नाही.

आपण म्हणता इंग्रजी पहिलीपासून आहे. आहे, आणि या मुलीला त्यात चांगले गुणही आहेत. पण तोपर्यंत तिला इंग्रजीत जे जे प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरं विचारणाऱ्याला आधीच ठाऊक होती. ज्याला उत्तर खरंच माहीत नाही अशा माणसाला समजावून सांगण्याची वेळ तिच्यावर इंग्रजीत कधी आलीच नव्हती. प्रदर्शनात नेमकी तीच येते.

किती गुणांचा प्रश्न आहे, तेही सांगते. आपल्याकडून आयरिस या शालेय विज्ञान स्पर्धेच्या राष्ट्रीय मेळाव्यातून निवडलेली मुलं अमेरिकेतल्या आयसेफ या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळाव्याला जातात. 1950 साली फिलाडेल्फियात सुरू झालेला हा मेळावा दर मे महिन्यात भरतो, 2025 साली तो ओहायोतल्या कोलंबसला होता. तिथे 100 पैकी 25 गुण मुलाखतीला आहेत आणि 10 पोस्टरला. संशोधनाच्या प्रश्नाला 10 आणि आराखड्याला 15, म्हणजे दोन्ही मिळून जेवढे, तेवढे एकट्या मुलाखतीला. आणि मुलाखतीत उच्चार बघत नाहीत. निष्कर्षाच्या मर्यादा कळल्यात का, काम स्वतः केलंय का, पुढे काय करणार, हे बघतात. तिच्याकडे हे सगळं होतं.

दुभाषी मिळतो, हे खरं आहे. गरज पडली तर आम्हीही मागू. पण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं गेलं की मुळात थोडा असलेला वेळ निम्मा होतो. आणि दुभाष्याला भाषा येते, चाळ माहीत नसते. 'काजळी'चं त्याने 'काजळ' केलं तर मुलीला ते कळायलाही मार्ग नाही. आपण ऑलिम्पियाडचा दाखला दिलात, तोही बरोबर आहे. गणित ऑलिम्पियाडमध्ये प्रश्नपत्रिका प्रत्येक देशाच्या भाषेत करून देतात आणि मुलं आपापल्या भाषेत उत्तरं लिहितात. मला त्याचा हेवा वाटतो. पण ते कागदावरचं काम आहे. मेळाव्यात समोरासमोर बोलावं लागतं, आणि एका उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो.

उलट मला टोचतं ते वेगळंच. इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या शालेय विज्ञान योजनेला मूल आपली कल्पना मातृभाषेत पाठवू शकतं, निवड झाली की खात्यात 10,000 रुपये येतात. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत जिल्हा-राज्य पातळीवर मराठी चालते. म्हणजे आपणच मुलाला मराठीत इथवर आणतो आणि शेवटच्या दारात भाषा बदलतो. ज्यांच्या आईबापांकडे पैसा आहे त्यांनी त्या दारासाठी खासगी मार्गदर्शक आधीच लावलेले असतात. राहिलेल्यांची फी कुणी भरायची? आम्ही भरतोय, एवढंच.

आता हिशेब. तीन-तीन मुलांचे तीन गट, बारा आठवडे, आठवड्याला तीन तास, म्हणजे 108 तास. तासाला 400 रुपये, झाले 43,200. शिकवणाऱ्या दोघी पुण्यातल्या, विज्ञानाच्या पदवीधर, मराठी माध्यमातून शिकलेल्या. नऊ जणांचे तीन महिन्यांचे रिचार्ज 8,100. मायक्रोफोनवाले हेडफोन 4,500, कारण एका खोलीत टीव्ही, धाकटा भाऊ आणि आजीचा खोकला असताना त्याशिवाय तास होत नाही. तास रात्री साडेआठला, कारण घरातला एकमेव स्मार्टफोन वडिलांचा आणि वडील त्याआधी घरी येत नाहीत. तालुक्याला असं शिकवणारं कुणी मिळालं असतं तर ऑनलाइनच्या भानगडीत पडलेच नसते. पण रात्री साडेनऊला मुलीला कुणी एकटीला घरी पाठवत नाही. जर्मनीत पीएचडी करणारी नाशिकचीच एक मुलगी आठवड्यातून एकदा फुकट परीक्षक होऊन बसते. आपल्याकडे नोव्हेंबरात साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे दुपारचे चार असतात.

पाठांतराबद्दल मात्र आपण माझं चुकलेलं बरोबर पकडलंत. पहिले तीन आठवडे आम्ही भाषणंच घोटून घेतली. मुलं सुरेख म्हणायची आणि मध्येच थांबवलं की पुन्हा 'गुड मॉर्निंग'पासून सुरू करायची. चौथ्या आठवड्यात ते बंद केलं. आता तासाला फक्त प्रश्न. कंट्रोल काय, नमुने किती, पुन्हा करून पाहिलंत का, चूक कुठे असू शकते. आणि एक वाक्य सगळ्यांना पक्कं करायला सांगितलंय: "मला माहीत नाही, पण मी ते असं तपासून पाहीन." ते इंग्रजीत म्हणायला कांदाचाळीच्या या मुलीला सहा तास लागले. शब्द अवघड नव्हते, 'माहीत नाही' म्हणायला ती घाबरत होती.

आणखी एक चूक आपल्या लक्षात आली नाही, पण सांगायला हवी. आम्ही फार उशिरा सुरू केलं. आयसेफची नियमावली इंग्रजीत आहे आणि ती प्रयोगाच्या आधी वाचायची असते. सूक्ष्मजीव घरी वाढवायला तिथे सरळ मनाई आहे. खाद्यपदार्थावर बुरशी येते का एवढंच बघायचं असेल तर चालतं, पण बुरशी दिसताक्षणी थांबायचं. या मुलीने काजळीची भुकटी बटाट्याच्या कापांवर टाकून डब्यात आठवडाभर वाढवली होती. तो भाग गाळावा लागला. दुसऱ्या एका मुलाने गावातल्या साठ जणांना झोपेबद्दल प्रश्न विचारले. माणसांवरच्या अभ्यासाला समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते, मागाहून चालत नाही. त्याचं वर्ष गेलं. प्रामाणिक काम होतं ते. कुणी जूनमध्ये ती पानं त्याच्याबरोबर वाचायला हवी होती, आणि ते काम माझं होतं.

या नवातली परदेशात किती गेली, असंही आपण विचारलंय. एकही नाही. दोघं राष्ट्रीय फेरीपर्यंत गेली. देणगीदारांनाही मी हेच आकडे कळवलेत.

म्हणून यंदा जूनपासून सुरू करतोय. पहिले दोन महिने इंग्रजी बोलणं नाही, फक्त नियम वाचणं आणि प्रयोगाचा आराखडा, आणि तो मराठीत. त्यासाठी मला असं कुणीतरी हवंय जे मुलांच्या वह्या बघून सांगेल की इथे तुलना नाही, इथे मोजमाप चुकतंय. इंग्रजी शिकवणारे मिळाले, सर. हे करणारं अजून मिळालेलं नाही. आठवड्यातून एक तास, मंगळवारी साडेआठला. आपला नंबर माझ्याकडे नाही. आपण 'हो' एवढंच लिहा, बाकीचं मी बघते.