गव्हातील प्रथिने आणि मधुमेह: आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या गव्हाच्या पिठाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. हे पीठ वापरायला लागल्यापासून उपाशीपोटीची साखर वाढली, गव्हातील ग्लूटेन आणि लेक्टिन ही प्रथिने इन्सुलिन व भूक आवरणारे लेप्टिन या संप्रेरकांच्या कामात अडथळा आणून मधुमेह घडवतात हे सिद्ध झालेले आहे, आणि तरीही आम्ही पाकिटावर प्रथिनांचे प्रमाण मिरवतो पण इशारा छापत नाही, असे आपले म्हणणे आहे. आरोप गंभीर आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे, म्हणून केवळ आभार मानून तो बाजूला सारणे आम्हाला योग्य वाटत नाही.

आपण ज्या संशोधनाचा आधार घेतला आहे, ते काल्पनिक नाही. गव्हाच्या अंकुरातील लेक्टिन इन्सुलिनच्या रिसेप्टरला (पेशीवर संप्रेरक जिथे जोडले जाते त्या जागेला) चिकटते आणि प्रयोगशाळेत चरबीच्या पेशींवर इन्सुलिनसारखाच परिणाम घडवते, हे १९७३ पासून ठाऊक आहे. धान्यातील लेक्टिनमुळे शरीर लेप्टिनला दाद देईनासे होत असावे, ही कल्पना स्वीडनमधील संशोधकांनी २००५ मध्ये मांडली आणि २०१५ मध्ये पचवलेले ग्लूटेन लेप्टिनला त्याच्या रिसेप्टरशी जोडले जाण्यापासून अडवते, असे परीक्षानळीत दाखवले. ग्लूटेन वगळलेल्या आहाराने उंदरांची चरबी आणि इन्सुलिनला होणारा विरोध कमी झाल्याचेही प्रयोग आहेत. मात्र परीक्षानळीत लेप्टिनला सामोरे जाणारे प्रथिन आणि जेवणानंतर आतड्यातून रक्तात प्रत्यक्ष पोहोचणारे प्रथिन यांत फार मोठे अंतर आहे, आणि लेक्टिन तर नीट शिजवल्यावर बहुतांशी निष्प्रभ होते. अमेरिकेतील परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातील पुरुष यांच्या तीन मोठ्या, वर्षानुवर्षे चाललेल्या पाहण्यांत तर सर्वाधिक ग्लूटेन खाणाऱ्यांमध्ये प्रकार २ मधुमेहाचा धोका सर्वांत कमी ग्लूटेन खाणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. त्यातून ग्लूटेन संरक्षण देते असे आम्ही म्हणणार नाही, कारण कमी ग्लूटेन खाणाऱ्यांच्या आहारात धान्यातील तंतूही कमी होते. पण मधुमेह घडवणे ‘सिद्ध’ झाले आहे, हे म्हणणे या निष्कर्षासमोर टिकत नाही.

प्रकार १ मधुमेहाची गोष्ट वेगळी आहे आणि आमच्या मते खरा गंभीर प्रश्न तिथेच आहे. हा आजार प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला केल्यामुळे होतो, आणि प्रतिकारशक्तीशी निगडित ज्या एचएलए जनुकांमुळे ग्लूटेनने आतड्याला इजा होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराची शक्यता वाढते, तीच जनुके येथेही भेटतात. ग्लूटेनमधील ग्लायाडिन या प्रथिनाचे पूर्ण पचन होत नाही. त्याचा ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा पाचकरसांना पुरून उरतो, हे २००२ मध्ये दाखवले गेले. आपोआप मधुमेह होणाऱ्या जातीच्या उंदरांना ग्लूटेनविरहित आहार दिल्यावर आजाराचे प्रमाण ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले, हा १९९९ चा प्रयोग आजही विचारात पाडतो. डेन्मार्कमध्ये गरोदरपणी भरपूर ग्लूटेन खाणाऱ्या मातांच्या मुलांत प्रकार १ मधुमेह जास्त आढळला, तर नॉर्वेतील तशाच मोठ्या पाहणीत मातेच्या आहाराशी संबंध दिसला नाही, मुलाच्या स्वतःच्या आहाराशी मात्र दिसला. जर्मनीत धोका असलेल्या बाळांना ग्लूटेन सहाऐवजी बारा महिन्यांनी सुरू करून पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही. हा प्रश्न खुला आहे, आणि खुल्या प्रश्नाला पाकिटावरचा इशारा करून टाकणे आम्हाला प्रामाणिक वाटत नाही.

आता आपल्या वाढलेल्या साखरेबद्दल. पिठाचा गोळा मळून वाहत्या पाण्याखाली सावकाश चोळत राहिले, तर पाणी दुधासारखे पांढरे होऊन वाहते आणि शेवटी हातात एक पिवळसर, चिवट, ताणला जाणारा गोळा उरतो. इटलीतील बेक्कारी यांनी अठराव्या शतकात गव्हातील ग्लूटेन असेच वेगळे केले होते. हातात उरलेला गोळा म्हणजे प्रथिन, आणि वाहून गेलेले पांढरे पाणी म्हणजे स्टार्च. शंभर ग्रॅम पिठात प्रथिने साधारण दहा ते चौदा ग्रॅम असतात, तर स्टार्च त्याच्या चार-पाचपट किंवा त्याहून अधिक. जेवणानंतर रक्तातील साखर चढवतो तो हा स्टार्च. उलट, प्रथिनाचे जाळे स्टार्चच्या कणांभोवती असल्याने पाचकरस त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचतात. १९८७ मध्ये डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी ग्लूटेन काढलेल्या पिठाचा पाव दिला, तेव्हा रक्तातील साखर नेहमीच्या पावापेक्षा जास्त चढली. म्हणून ‘ग्लूटेन नाही’ असे लिहिलेले पीठ मधुमेहींसाठी आपोआप सुरक्षित ठरते, हा समज आम्हाला अतिशय धोकादायक वाटतो.

म्हणूनच ‘या प्रथिनांमुळे मधुमेह होतो’ असे आम्ही छापणार नाही. विक्री वाढेल म्हणून ‘मधुमेहींसाठी उत्तम’ असेही कधी छापले नाही आणि छापणार नाही. प्रथिनांचा आकडा पाकिटावर राहील, कारण तो जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाचा आहे. त्याच्या शेजारी कर्बोदकांचा आकडाही तितक्याच ठळक अक्षरांत आहे, आणि मधुमेह असलेल्या व्यक्तीने आधी तो वाचावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

आपल्याला एक विनंती आहे. उपाशीपोटीची साखर सातत्याने जास्त येत असेल, तर केवळ पीठ बदलून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याशिवाय औषधाची मात्रा बदलू नका. आपल्याला किंवा घरातील कोणाला प्रकार १ मधुमेह असेल, तर सिलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि ती तपासणी गहू बंद करण्यापूर्वीच करून घ्या, कारण ग्लूटेन सोडल्यावर रक्तातील त्या आजाराच्या खुणा हळूहळू पुसल्या जातात आणि अहवाल फसवा येऊ शकतो. न उघडलेली पाकिटे परत करायची असल्यास त्यांवरील बॅच क्रमांक कळवा, आम्ही ती घेऊ.