टाकी ओतू नका, नाव बदला

बेळगावात क्राफ्ट बिअरचं, म्हणजे तिथंच टाकीत बनवून नळानं द्यायच्या बिअरचं दुकान टाकायचा विचार चाललाय? टाका, जरूर टाका. हवा थंड आहे, गोवा जवळ आहे, सुट्टीला पुण्या-बंगळूरहून घरी येणारी पोरं आहेत आणि त्यांचे खिसेही बरे आहेत. फक्त हा धंदा करायचा कसा, हे कुणी मोकळेपणानं सांगत नाही. मी सांगतो.

पहिलं काम भिंतीचं. विटा उघड्या ठेवा, वरून पिवळे दिवे सोडा, टाक्या काचेमागं चकचकीत उभ्या करा. टाकीच्या आत काय चाललंय ते काचेतून दिसत नाही, ही मोठीच सोय.

ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा माणूस, ठेवलाच तर त्याला सगळे अधिकार द्या, टाकी गटारात सोडायचा सोडून.

पाणी राकसकोपचं आहे असं मेनूवर झोकात लिहा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला कार्बन फिल्टर लागतो, त्या खर्चात पडू नका. क्लोरीन राहिलं की बिअरला दवाखान्यातल्या पट्टीचा वास मारतो. विचारलंच कुणी, तर 'स्मोकी नोट्स' म्हणा.

करंट गेलं तर जनरेटर आधी म्युझिकला, मग टाक्या गार ठेवणाऱ्या चिलरला.

आता यीस्टचं. बिअर आंबत असताना यीस्टमुळं डायअसेटिल नावाचा पदार्थ तयार होतो. त्याला लोण्याचा, बटरस्कॉचचा वास असतो. बिचारं यीस्ट पुढं स्वतःच तो निस्तरतं. त्याला 18 ते 20 अंशांवर दोन-तीन दिवस निवांत सोडायचं, बस्स. काम झालं की नाही हे बघायला प्रयोगशाळाही लागत नाही. थोडी बिअर झाकलेल्या भांड्यात साठ-पासष्ट अंशांवर वीसेक मिनिटं गरम करायची, गार करायची आणि हुंगायची. लोण्याचा वास आला तर थांबायचं. खर्च काय, तर गरम पाणी आणि एक नाक. पण तुम्ही हे करू नका. तुम्हाला शनिवार गाठायचाय. बँड सांगितलाय, पोस्टर लागलंय, टाकी चार नंबर कधीच संपलीय. सोडा नळाला!

मागच्या महिन्यात असाच एक शनिवार माझ्या वाट्याला आला. पुण्याहून मेव्हणा आला होता. तो तिकडं हे सगळं पितो. पुण्यात 2009 मध्येच डूलाली ही अशी बिअर बनवणारी जागा सुरू झाली, त्यामुळं त्या लोकांना आपण काही वेगळे आहोत असं वाटतं. म्हटलं, चल, आमच्याकडंही मिळतंय. शहरातल्या एका नव्या ठिकाणी नेलं आणि गव्हाची बिअर सांगितली. या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास यायला हवा, त्या यीस्टचा तो गुणच असतो. आली ती लोण्याच्या वासाची आणि मागून आंबट. मेव्हणा सभ्य माणूस. काही बोलला नाही, नुसता ग्लास माझ्याकडं सरकवला. त्यापेक्षा चार शब्द बोलला असता तर बरं.

वेटर म्हणाला, "क्राफ्ट हाय न्हवं सर, असंच असतंय."

मॅनेजर आला. त्याला ना मराठी, ना कन्नड. "सर, ये अक्वायर्ड टेस्ट है." म्हणजे बिअर बरोबर आणि माझी जीभ अडाणी! ग्लासाचे चारशे सत्तर रुपये, वर सर्व्हिस चार्ज, आणि जिभेची शिकवणी तेवढी फुकट.

अहो, लोणी आणि आंबट हे दोन्ही एकाच ग्लासात आले की नुसती घाई नसते ती, बहुतेक घाण असते. पेडिओकोकस नावाचा जंतू हे दोन्ही पराक्रम एकटा करतो, आणि तो नीट न धुतलेल्या टाकीत, पाइपात, रबरी गॅस्केटच्या फटीत बसलेला असतो. मी उठून नळाजवळ गेलो होतो. नळाच्या तोंडाशी गुलाबीसर बुळबुळीत थर, त्यावर चिलटं. एक चिलट माझ्यादेखत आत गेलं आणि बाहेर आलंच नाही. तर तुम्हाला सल्ला असा, की नळाचं तोंड कधी काढून बघू नका. बघितलं तर धुवावं लागेल. आणि एकदा धुतलं की दर दोन आठवड्यांनी टाकीपासून नळापर्यंत सगळी लाइन कॉस्टिक सोड्यानं धुवा म्हणून ब्रुअर मागं लागेल.

खरी हुशारी पुढं आहे. पुढच्या आठवड्यात मित्राच्या वाढदिवसापायी परत तिथंच जावं लागलं. गव्हाची बिअर गायब. फळ्यावर नवं नाव होतं, 'बेल्जियन फार्महाऊस सावर', सावर म्हणजे आंबट. खडू ओल्या फडक्यानं पुसला नव्हता, त्यामुळं खालचं 'व्हीट' आणि 470 चा आकडा अजून दिसत होता. त्यावर ठसठशीत 520. टाकी तीच, तीन नंबर. बिघडल्याबद्दल पन्नास रुपये जास्त!

हा नियम पाठ करून ठेवा. टाकी ओतू नका, नाव बदला. बेल्जियममध्ये लॅम्बिक नावाची बिअर करणारे लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षं बिअर मुरवतात, वेगवेगळी पिंपं चाखून मिसळतात, तेव्हा कुठं ती आंबट बिअर होते. तुमची एका आठवड्यात झाली. उलट कौतुक करायला हवं तुमचं.

कॅन भरणार असाल तर आंब्याचा गर सढळ हातानं घाला, पाश्चराइज करू नका, म्हणजे गरम करून जंतू मारू नका, आणि दुकानदाराला 'फ्रिजमध्ये ठेव' असं मुळीच सांगू नका. तो खोकं खानापूर रोडच्या उन्हात ठेवेल, कॅन आतल्या आत परत आंबून फुगेल आणि गिऱ्हाइकाला वाटेल, जरा जास्तच भरलाय. (गोव्याहून चांगला कॅन आणावा म्हटलं तर कणकुंबीच्या तपासणी नाक्यावर डिकी उघडायला लागते. त्यावर मी बोलत नाही.)

किमतीवरून कुणी कुरकुर केली तर सरकारचं नाव घ्या. जुलै 2023 मध्ये कर्नाटकानं बिअरवरचा अतिरिक्त अबकारी कर 175 वरून 185 टक्के केला, हे तोंडपाठ म्हणून दाखवा. गिऱ्हाईक मान डोलावतं. कर सरकारनं वाढवला हे खरं, पण तुमचा पाइपही सरकारनंच धुवायचा का, हे कुणी विचारत नाही. बाहेरच्या पाटीवर कन्नड 60 टक्के आहे की नाही, हे मोजायला माणूस येतो. आतल्या ग्लासात बिअर किती टक्के आहे, ते मात्र मीच हुंगून सांगायचं.

आणि कुणी शास्त्र सांगायला लागलं तर हसा. बिअर जंतूंमुळं बिघडते हे पाश्चरनं 1876 मध्ये लिहून ठेवलं. 1883 मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हॅन्सननं बिअर नासवणारं जंगली यीस्ट वेगळं काढलं आणि शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. मालक याकोबसेननं ते लपवून ठेवलं नाही, दुसऱ्या ब्रुअऱ्यांनाही दिलं. दीडशे वर्षं होत आली याला! आणि तुम्ही मला अजून 'असंच असतंय' सांगता?

असंच नसतंय. शिकागोच्या गूज आयलंड या ब्रुअरीची 2015 ची भारीतली बाटली लॅक्टोबॅसिलस नावाच्या जंतूनं आंबली, तेव्हा 2016 च्या सुरुवातीला कंपनीनं स्वतः जाहीर केलं आणि गिऱ्हाइकांचे पैसे परत दिले. 2016 च्या बाटल्यांपासून पाश्चराइज करायला लागले. त्यांनी काही जीभ शिकवली नाही कुणाला. नाव बदलून पन्नास रुपये चढवले नाहीत.

पुरे झाली चेष्टा. तीन नंबरची टाकी आंबलीय हे तुम्हाला शुक्रवारीच कळलं होतं. ब्रुअरला कळलं होतं, वेटरला कळलं होतं, म्हणून तर त्याचं उत्तर तयार होतं. तरी आणून ठेवली पुढ्यात, कारण हजार लिटर ओतायला जीव होत नाही. मग हा धंदा तुमचा नव्हे. या धंद्यात ओतावं लागतं. एखादी टाकी गटारात जाणार हे धरूनच तर तुम्ही 470 लावता ना? का ते पैसे विटांचे?

आणि पिणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. वडगावच्या गवळ्यानं नासकं दूध घातलं तर दारातच त्याच्या सात पिढ्या काढता. इथं मात्र फोटो काढता, 'इंटरेस्टिंग' म्हणता, टिप ठेवून उठता. कशासाठी? शेजारच्या टेबलाला तुम्ही खेडवळ वाटू नये म्हणून. परत पाठवा तो ग्लास. दुसराही तसाच आला तर तोही पाठवा. बिलातून काढायला लावा, आवाज चढवून सांगा, मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा.

आणि मालक, तुमच्या त्या फळ्यावर 'फार्महाऊस' नंतर लिहा. आधी दोन तारखा लिहा, टाकी कधी भरली आणि लाइन कधी धुतली. लिहायची लाज वाटत असेल तर त्या दिवशी नळ बंद ठेवा.