पेनातलं इन्सुलिन सिरिंजने ओढा म्हणे!

‘इन्सुलिनच्या सापळ्यातून सुटका : डॉक्टर सांगणार नाहीत अशा सहा गोष्टी’ हा मेसेज सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. सोसायटीचा ग्रुप, भजनी मंडळाचा, शाळेच्या जुन्या बॅचचा, कुठलाच सुटलेला नाही. पंचवटीतल्या आमच्या मावशींनी तो वाचला आणि रात्रीचं चोवीस तासांचं इंजेक्शन परस्पर बंद केलं. आठवड्याने उपाशीपोटीची शुगर ३०० च्या वर गेली, तेव्हा घरात कळलं.

मेसेजमधले सहा मुद्दे थोडक्यात असे : इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही. त्याने किडनी आणि डोळे जातात. चोवीस तासवाल्या इन्सुलिनने कॅन्सर होतो. उपवासाला आणि आजारपणात ते घ्यायचं नाही. पेनच्या (डोस फिरवून टोचायच्या इन्सुलिनच्या पेनच्या) सुया महाग, म्हणून पेनमधलं इन्सुलिन साध्या सिरिंजने ओढून घ्या, ‘पॉइंट (म्हणजे युनिट) तेवढेच’. आणि ठेवायचं बर्फाच्या कप्प्यात, ‘जितकं गार तितकं टिकतं’.

पाचव्यापासून सुरू करते, कारण बाकीच्या बहुतेक थापांनी माणूस हळूहळू बिघडेल, हिने एका रात्रीत जाईल.

‘पॉइंट तेवढेच’ हे साफ खोटं आहे. सिरिंजवरची रेघ म्हणजे नुसता पॉइंट नव्हे, ती ठरावीक ताकदीच्या इन्सुलिनसाठी मारलेली असते. आपल्याकडे दुकानात दोन सिरिंज मिळतात. लाल टोपीची ४० च्या इन्सुलिनसाठी, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये ४० युनिट. केशरी टोपीची १०० च्या इन्सुलिनसाठी, एक मिलिलिटरमध्ये १०० युनिट. घरात वर्षानुवर्षं जी सिरिंज येत असते ती बहुतेक लाल टोपीची, कारण जुनं, पांढरट दिसणारं बाटलीतलं इन्सुलिन ४० चं असतं. पेनमधलं ग्लार्जिन, म्हणजे चोवीस तासवालं इन्सुलिन, मात्र बहुधा १०० चं.

आता मेसेजप्रमाणे करून बघा. डोस २० युनिट. लाल टोपीच्या सिरिंजने पेनच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे आतल्या इन्सुलिनच्या नळीतून, २० च्या रेघेपर्यंत ओढलं. सिरिंजमध्ये आलं अर्धा मिलिलिटर. १०० च्या इन्सुलिनचं अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट. अडीच पट. आणि पेन ३०० च्या, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये ३०० युनिटवाल्या, ग्लार्जिनचं असेल, तर त्याच अर्ध्या मिलिलिटरमध्ये १५० युनिट. साडेसात पट! केशरी टोपीची सिरिंज वापरली तरी ३०० च्या पेनमधून तिप्पट डोस जातो. पेन स्वतः हा हिशोब आतल्या आत करतं. खिडकीत २० दिसले की २० युनिटच बाहेर पडतात. सिरिंज लावली की तो हिशोब गेला. शिवाय कार्ट्रिजमध्ये हवा शिरते, म्हणजे नंतर कोणी तेच पेन नीट वापरलं तरी डोस कमी पडणार.

जादा गेलेलं इन्सुलिन साधं, काही तासांत उतरणारं असतं तर निदान झटापट लवकर संपली असती. ग्लार्जिनचं तसं नाही. बाटलीत ते आम्लधर्मी असतं, म्हणून पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. कातडीखाली गेलं की तिथे त्याचे बारीक कण साखळतात आणि ते कण दिवसभर थोडे थोडे विरघळत राहतात. डोस योग्य असेल तर हाच त्याचा गुण. अडीच पट गेला तर हाच फास. साखर-पाणी दिलं, शुगर वर आली, घरचे निवांत झोपले, आणि पहाटे तीनला ती परत खाली. असा जादा डोस गेल्याचं लक्षात आलं तर बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, रुग्णालयात देखरेखीखाली राहावं लागतं. (ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळू नये, तेही याच आम्लामुळे. दोन्हींचा वेळ बिघडतो.)

शुगर ७० च्या खाली म्हणजे लो. घाम, थरथर, धडधड, विनाकारण चिडचिड. पंधरा ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे, पंधरा मिनिटं थांबून परत तपासणी, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. इथे एक गोष्ट बऱ्याच घरांत माहीत नसते : गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साखर, गूळ, पेढा यांचा परिणाम उशिरा होतो, कारण ती गोळी साखर फुटूच देत नाही. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन.

आता, सुया महाग पडतात हे मात्र खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. रोज एक म्हणजे महिन्याला तीस, वर पेन. पण त्यावर उपाय मेसेजमधला नाही. डॉक्टरांना सरळ सांगा की परवडत नाही. तेच इन्सुलिन बाटलीत आणि त्याला जुळणारी सिरिंज, हा स्वस्त मार्ग आहे; काहींना जुनं ह्यूमन इन्सुलिनही चालतं. ग्लार्जिन २०२२ पासून राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. जनऔषधी दुकानात चौकशी करा. बाटली घेतलीत तर तिच्यावरचा ४० किंवा १०० हा आकडा आणि सिरिंजच्या टोपीचा रंग एकत्र हातात धरून पाहायचे, दर वेळी, दुकानातच. दुकानदार ‘हीच चालते’ म्हणाला तरी.

पेन वापरायचं तर नीट वापरा, त्यातही पैसे वाचतात. नवी सुई लावून आधी २ युनिट हवेत सोडायचे (३०० च्या पेनला ३), टोकाला थेंब दिसला की मगच डोस फिरवायचा. चार मिलिमीटरची सुई बहुतेकांना पुरते, सरळ काटकोनात. बटण पूर्ण दाबल्यावर मनात दहा मोजायचे. घाईत सुई काढली की थेंब कातडीवर येतो आणि तो डोसातलाच असतो. झालं की सुई काढून टाकायची. तशीच लावून ठेवली तर गळतं आणि हवा शिरते.

जागा रोज बदलायची. बेंबीपासून दोन बोटं लांब, आदल्या दिवशीच्या जागेपासून निदान बोटभर सरकून. बरेच जण ठरलेल्या एकाच जागी टोचतात, कारण ‘तिथे दुखत नाही’. दुखत नाही, कारण तिथे चरबीची गाठ झालेली असते आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी निम्मं पोचतं, कधी सगळं. मग डोस वाढवला जातो. नंतर कोणीतरी जागा बदलायला सांगतं, चांगल्या कातडीतून तोच वाढलेला डोस पुरा पोचतो आणि शुगर धाडकन खाली येते. तेव्हा गाठ सोडून जागा बदलणार असाल तर डॉक्टरांशी बोलून, पहिले काही दिवस तपासण्या वाढवून बदला.

उपवासाचा मुद्दा. श्रावण आला की हा प्रश्न नाशकात घरोघरी निघतो, आणि मेसेजवाल्याला बेसिकच कळलेलं नाही. चोवीस तासांचं इन्सुलिन जेवणासाठी नसतंच. तुम्ही काही खाल्लं नाही तरी यकृत रात्रंदिवस रक्तात साखर सोडत असतं, तिच्यासाठी ते असतं. त्याचा डोस बरोबर असेल तर एक जेवण चुकल्याने शुगर फारशी पडत नाही. पडत असेल तर डोस जास्त आहे, हे समजायची ती एक खूणच आहे. उपवास म्हणजे उपाशी असं आपल्याकडे थोडंच असतं? साबुदाण्याची खिचडी, रताळं, बटाट्याचे पापड. त्या दिवशी इन्सुलिन बंद म्हणजे दोन्हीकडून शुगर वर. जेवणापूर्वीचं जलद इन्सुलिन आणि काही गोळ्या मात्र उपवासाला बदलाव्या लागतात. मेसेजमध्ये जेवढं खरं आहे ते एवढंच, आणि तेही लिहिणाऱ्याने चुकीच्या इन्सुलिनला चिकटवलंय.

तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराच्या पायी फेरीला जाणाऱ्यांचं वेगळं. इतकं चालल्यावर स्नायू पुढचे कित्येक तास साखर ओढत राहतात, लो बहुधा घरी येऊन झोपल्यावर होतो. त्यासाठी डॉक्टर आधीच डोस थोडा, अनेकदा वीसेक टक्के, उतरवून देतात. बंद करत नाहीत. खिशात ग्लुकोज हवं आणि सोबतच्या एकाला तरी माहीत हवं.

आजारपणात बंद करा, हे तर उलटंच. तापात शुगर चढते. टाइप १ च्या (ज्यात शरीर इन्सुलिन बनवतच नाही त्या मधुमेहाच्या) मुलाने किंवा मोठ्याने चोवीस तासांचं इन्सुलिन थांबवलं तर दिवसा-दीड दिवसात रक्तात आम्ल साचू शकतं : उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, तोंडाला सडलेल्या फळासारखा वास. लघवीतले कीटोन, म्हणजे हेच आम्ल, तपासायची पट्टी मेडिकलमध्ये मिळते. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर शुगर २०० च्या आत असतानाही हे होऊ शकतं. उलट्या आणि उपवास असताना ती गोळी थांबवायची असते, इन्सुलिन नव्हे.

कॅन्सर. ही भीती हवेतून आलेली नाही, हे मान्य. २००९ मध्ये काही युरोपीय अभ्यासांनी ग्लार्जिनबद्दल शंका काढली होती आणि तेव्हा बरीच खळबळ उडाली. पण मेसेज २००९ लाच थांबलाय. २०१२ मध्ये ‘ओरिजिन’ या मोठ्या चाचणीचे निकाल आले. ४० देश, १२,५३७ माणसं, निम्म्यांना ग्लार्जिन, निम्म्यांना नेहमीचे उपचार, सहा वर्षांहून जास्त पाठपुरावा. कॅन्सरचं प्रमाण दोन्हीकडे सारखं. हृदयविकाराचंही सारखं. तीच चाचणी दोन तोटेही दाखवते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ग्लार्जिन गटात वजन सरासरी १.६ किलो वाढलं, दुसऱ्या गटात अर्धा किलो घटलं. आणि गंभीर लो ग्लार्जिनवाल्यांत वर्षाला शंभरात एक, दुसरीकडे ०.३१. म्हणजे घाबरायचंच असेल तर शुगर लो व्हायला घाबरा, आणि मेसेजची सिरिंजची युक्ती नेमकी तिकडेच नेते.

किडनी इन्सुलिनने जात नाही. वर्षानुवर्षं चढ्या शुगरने आणि रक्तदाबाने ती आधीच गेलेली असते, इन्सुलिन उशिरा सुरू होतं आणि दोष त्याच्या माथी येतो. उलट किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून कालपर्यंतचे २० युनिट आज जास्त होतात आणि डोस कमी करावा लागतो. डोळ्यांबाबत अर्धं सत्य आहे : फार चढलेली शुगर झपाट्याने उतरवली तर आधीच दुखावलेला पडदा काही काळ बिघडू शकतो. म्हणून आधी पडदा तपासून घेतात.

‘लागलं की सुटत नाही’ याला फार शब्द नकोत. गरोदरपणात लागलेलं बाळंतपणानंतर बहुतेकींचं सुटतं; ऑपरेशन, जंतुसंसर्ग किंवा स्टेरॉइडपुरतं लागलेलंही सुटतं. टाइप १ मध्ये सुटत नाही, कारण शरीर ते बनवतच नाही. त्याला व्यसन म्हणायचं तर चष्म्यालाही म्हणा.

राहिला बर्फाचा कप्पा. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखंच दिसतं, पण ते गेलेलं असतं, टाकून द्यायचं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या दारात किंवा खालच्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न चिकटवता. वापरातलं पेन ३० अंशांच्या आत बाहेर चालतं. नाशकात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा सातपूर-अंबडला पहिल्या पाळीला जाणाऱ्याने ते गाडीच्या डिकीत ठेवू नये, डबा-पिशवीत, सावलीत. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं छोटं मडकं, आत डबीत पेन. आणि उघडल्याची तारीख मार्करने पेनवरच लिहायची : १०० च्या ग्लार्जिनला २८ दिवस, डेग्लुडेक या दुसऱ्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनला ५६. रोज ८ युनिट घेणाऱ्याचं, दर वेळी हवेत सोडलेले २ धरून, २८ दिवसांत २८० लागतं. एकूण तीनशे युनिटच्या कार्ट्रिजमध्ये मग २० उरतात. ते टाकून द्यायचे.