‘रक्त सुरू झालं की लिव्हर वाचलं’: त्या मेसेजमधलं काय चुकतंय

लिव्हरच्या ऑपरेशनची तारीख मिळालेल्या घरांत एक मेसेज फिरतोय. त्यातले दावे असे: ऑपरेशनमध्ये लिव्हरचं रक्त थोडा वेळ थांबवतात, ते पुन्हा सुरू झालं की धोका संपला. पांढऱ्या पेशी फक्त जंतूंशी लढतात. म्हणून इम्युनिटी जितकी जास्त तितकं लिव्हर सुरक्षित, गुळवेलीचा काढा घ्या. आणि प्रत्यारोपण झालेल्यांनी इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या हळूहळू बंद कराव्यात. हा शेवटचा सल्ला जीवावर बेतू शकतो, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

‘रक्त सुरू झालं की धोका संपला.’ गाठ असलेला भाग कापताना रक्त कमी जावं म्हणून सर्जन लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवती टेप घालून ती आवळतात. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बऱ्याच ठिकाणी १५ मिनिटं आवळायचं, ५ मिनिटं सोडायचं, असं चालतं, आणि कुणीतरी घड्याळाकडे बघून मिनिटं मोठ्याने सांगत असतं. टेप सैल केली की काळपट पडलेलं लिव्हर बघता बघता तांबूस होतं. इजेचा दुसरा टप्पा मात्र तिथूनच सुरू होतो.

रक्त बंद असताना पेशींची ऊर्जा संपत येते, त्या फुगतात. ऑक्सिजन एकदम परतला की मायटोकॉन्ड्रियांतून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांतून, त्याचे अतिक्रियाशील रेणू बाहेर पडतात आणि लिव्हरमध्येच मुक्कामाला असलेल्या कुप्फर पेशी खवळतात. एरवी आतड्याकडून येणाऱ्या रक्तातले जंतू आणि कचरा गिळणं हे यांचं काम. आता त्या टीएनएफसारखी दाह वाढवणारी रसायनं सोडतात, केशवाहिन्यांचं अस्तर चिकट होतं आणि पुढच्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात. त्यांची विकरं (एन्झाइम) जंतू कुठला आणि लिव्हरची पेशी कुठली, हे बघत नाहीत. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी एसजीओटी-एसजीपीटी या, इजा झालेल्या पेशींतून रक्तात उतरणाऱ्या एन्झाइमचे आकडे शेकड्यांत, कधी हजारांत जातात, त्यामागे हेही कारण असतं. बहुतेकांचे आकडे काही दिवसांत उतरतात. प्रत्यारोपणात लिव्हर कित्येक तास बर्फात राहिलेलं असतं, तिथे ही इजा जास्त महागात पडते.

‘जंतू नसतील तर पांढऱ्या पेशी शांत असतात.’ नाही. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेली प्रथिनंच त्यांना धोक्याची सूचना देतात. एचएमजीबी१ हे त्यातलं एक. उंदरांच्या लिव्हरमधली त्याची भूमिका २००५ मध्ये दाखवली गेली. त्याआधी १९९७ मध्ये, टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) नसलेल्या उंदरांमध्ये नंतरच्या टप्प्यातली इजा कमी होते आणि त्यांतल्या सीडी४ प्रकारच्या पेशी परत दिल्या की ती वाढते, असं दिसलं होतं. जंतूंचा इथे संबंधच नव्हता.

मग सगळ्या पांढऱ्या पेशी मारून टाकाव्यात का? तसंही नाही. मेलेल्या पेशी उचलणं आणि दाह शमवणं हेही याच कुळातल्या पेशी करतात. त्यामुळे डॉक्टरांचा भर असतो तो रक्ताविना जाणारा वेळ कमी करण्यावर. दान केलेला अवयव लवकर पोहोचावा म्हणून रस्ता मोकळा करणारा पुणे-मुंबई ग्रीन कॉरिडॉर त्यासाठीच असतो. युरोपात लिव्हर बर्फाऐवजी शरीराच्या तापमानाला, रक्त फिरवणाऱ्या यंत्रावर ठेवून पाहिलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत एन्झाइमवरून मोजलेली इजा निम्म्यावर आली.

‘गुळवेल घ्या, इम्युनिटी वाढवा.’ कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने मुंबईच्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, हेही सांगायला हवं. पण यातल्या अनेक रुग्णांत आपल्याच प्रतिकारशक्तीने लिव्हरवर हल्ला केल्यासारखं चित्र होतं. आधीच इजा होणार असलेल्या लिव्हरवर हा प्रयोग कशाला करायचा?

‘गोळ्या बंद करा.’ टॅक्रोलिमससारख्या गोळ्या टी पेशींना आवरतात, कारण नवं लिव्हर त्यांच्यासाठी परकंच असतं. महिनोन्‌महिने तब्येत ठणठणीत आहे ती गोळ्यांमुळेच. काही मोजक्या रुग्णांचा डोस तज्ज्ञ कमी करतात, पण दर टप्प्याला रक्त तपासून. घरी मनाने बंद केल्या तर शरीर लिव्हर नाकारू लागतं, आणि कावीळ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो.

ऑपरेशन ठरलं असेल आणि काढा, चूर्ण, कॅप्सूल काहीही चालू असेल तर तपासणीच्या वेळी बाटलीच घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. प्रत्यारोपण झालं असेल आणि एखादी गोळी चुकली, तर त्याच दिवशी आपल्या केंद्राला फोन करा.